वाचले व समजले

ओस्मो रिस्सानेनच्या एक्केचाळीस वह्या माझ्या ताब्यात आहेत.
पानांवर छापील आकडे, पक्की शाई,
खोडरबर वर्ज्य. चुकलं तर फक्त एक रेघ,
तिच्याखालची चूक दिसत राहिली पाहिजे.
पानाचा उरलेला कोरा भाग तिरक्या रेघेनं बंद,
म्हणजे मागाहून कुणी त्यात शहाणपण घुसडणार नाही.
तळाशी साक्षीदार म्हणून मी:
वाचले व समजले. सिनिक्का. तारीख.

वाचलं मी खरंच.
समजण्याचं म्हणाल,
तर पहिली अकरा वर्षं नुसती सही सुंदर होत गेली.

मग एका जानेवारीत,
औलूचा समुद्र पार पलीकडच्या बेटापर्यंत गोठलेला असताना,
त्यानं राखाडी चिनीमातीची एक वडी माझ्या टेबलावर ठेवली,
नखाएवढी.
म्हणाला, हिच्यातून हवी तीच लहर जाते,
बाकीच्या दारातच थांबतात.
आणि मला समजलं. त्या दिवशीची सही
जरा वाकडी आहे. बघा हवं तर, वही सतरा, पान नव्वद.

वकील आले हेलसिंकीहून. दोन दिवस कॉफी आणि वाद.
पेटंट म्हणजे मूठ उघडून दाखवणं,
त्या बदल्यात वीस वर्षांचं कुंपण.
मिश्रणाची मूठ उघडली आम्ही:
दावा एक, दावा दोन, दावा दोननुसार असलेली सदर वडी...
ओस्मोनं मसुदा वाचला आणि विचारलं,
ही माझीच वडी ना?

पण भट्टी चढताना मध्येच थांबवायची असते.
किती अंशावर, किती मिनिटं,
ते कुठल्याच दाव्यात नाही.
ती मूठ झाकलेली.
तो आकडा ठाऊक असणारे तिघे:
ओस्मो, भट्टीवरची वुओक्को,
आणि तिजोरीच्या किल्लीमुळे मी.

तो निवृत्त झाला तेव्हा मीच त्याला कलमं वाचून दाखवली.
हातातलं कसब तुमचं, माहिती कंपनीची.
त्यानं हात उलटसुलट करून पाहिले,
जणू शिवण कुठे आहे ते शोधत होता,
आणि सही केली.
ओळखपत्र दिलं, फोन दिला,
टेबलाच्या खणातला मासेमारीचा गळसुद्धा देऊ लागला.
तो तुझाच आहे, ओस्मो, मी म्हटलं.

परवा आला होता.
छातीवर पाहुण्याचा बिल्ला, एका पायात वेगळा मोजा.
बायको बाहेर गाडीत, इंजिन चालू.
वेलचीच्या पावाचा तुकडा बोटांत कुस्करत म्हणाला,
सिनिक्का, रात्री झोप लागत नाही.
मी ती भट्टी कितीवर थांबवायचो?

घड्याळात दोन वाजून दहा. खिडकीबाहेर अंधारायला आलेलं.
करारात ओळ आहे, मीच टंकलेली:
कोणत्याही बाहेरच्या व्यक्तीस.
त्यात असं कुठेही नाही की
ज्याच्या डोक्यातून ते निघालं तोच डोक्याबाहेर राहिला
तर काय करायचं.

मी म्हटलं, कॉफी थंड होतेय.

त्यानं प्यायली. आभार मानले.
फाटकावर बिल्ला परत करायचाही त्याला आठवला.

बर्फातल्या भोकाशी वाकून आकडा सांगून टाकावा,
असं लहानपणीच्या गोष्टींत असतं.
इथे मे महिन्यात बर्फ वितळतो,
आणि किनाऱ्यावर प्रतिस्पर्धी कंपनीचं नवं ऑफिस आहे.

नोव्हेंबरात मिश्रणाच्या पेटंटला वीस वर्षं भरतील.
कुंपण पडेल, वडी कुणीही करो.
झाकल्या मुठीला मात्र मुदत नसते.

संध्याकाळी तिजोरी लावण्याआधी
एक्केचाळिसावी वही उघडली.
शेवटच्या पानाचा खालचा भाग कोरा राहून गेलाय,
तिरकी रेघ मारायची राहिली.
नियमानं ती त्यानंच मारायला हवी.
मी पेन उघडलं,
बराच वेळ तसंच धरलं,
आणि दिवा लावायला उठले.