खोका क्रमांक एकोणचाळीस

सूरच्या सरकारी इस्पितळात
भांडारपाल मी, मुश्ताक परकार, मूळ गाव हर्णै.
ताब्यात सुया, सलाईन, हातमोजे, कापूस
आणि कालपासून
रमजानचे पाच फानूस,
ख्रिसमसचं प्लास्टिकचं झाड, एक पाय लंगडा,
ओणमची कागदी फुलं पिशवीभर,
एक आकाशकंदील.

सुरुवात झाली तक्रारपेटीतल्या चिठ्ठीनं:
"हे इस्पितळ आहे की बाजार?"
दुसऱ्या दिवशी दुसरी, वेगळ्या अक्षरात:
"चंद्रकोर चालते, तर ताऱ्यानं काय घोडं मारलंय?"
मग बैठक. कावा, खजूर आणि अडीच तास.

डॉक्टर थुरैया म्हणाल्या, रुग्ण सगळ्यांचे, भिंतही सगळ्यांची.
मारिव्हिक सिस्टर म्हणाली, म्हणूनच तर.
हिशेबनीस म्हणाला, प्रश्न धर्माचा नाहीच, खिळ्यांचा आहे,
पोपडे निघतात, रंगाचे पैसे कोण देणार?
प्रयोगशाळेतल्या टेमकर बाई बोलल्याच नाहीत,
पेनाचं टोपण काढत-घालत राहिल्या.
मग सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं,
जणू मी तराजूचा काटा,
नाव एका पारड्यातलं, बोली दुसऱ्या.

मी म्हणालो, खोका लागेल. मोठा.

सांगायचं होतं ते वेगळंच.
त्या कंदिलाच्या कामट्या मी तासल्यात.
बाईंना बांबू मिळेना, तो मी आणला
गलबतांच्या कारखान्यामागून,
आणि तासला तसाच, जसा हर्णैला
शेजारच्या पेठे मास्तरांच्या ओट्यावर
दर दिवाळीला तासायचो.
खळीनं बरबटलेले हात घेऊन घरी गेलो की
अम्मी ओरडायची,
ते खळीसाठी. कंदिलासाठी कधीच नाही.
हे बैठकीत कसं सांगायचं?
विषयपत्रिकेतल्या कितव्या मुद्द्याखाली?

परिपत्रक निघालं: राष्ट्रीय दिन वगळता
दर्शनी भागात काहीही लावू नये.
आणि ते मीच लावलं,
दर्शनी भागात,
चार कोपऱ्यांना चिकटपट्टी मारून.

खल्फान म्हातारा डायलिसिसला येतो,
रविवार, मंगळवार, गुरुवार.
उभा जन्म गलबतं बांधण्यात गेला,
सागवानाला नुसतं हुंगून वय सांगायचा म्हणे.
मला थांबवून विचारलं,
"ती कागदाची होडी कुठे गेली?"
म्हटलं, होडी नव्हती, दिवा होता.
हुकूम आला, उतरवला.
"हुकूम आला तर आला," तो म्हणाला,
"पण त्याचा डावा कोन चुकला होता.
चार-चार तास उताणा पडून असतो मी,
दुसरं बघायला आहे काय?
सांगणारच होतो तुम्हाला."

संध्याकाळी शटर अर्धं ओढून
खोका उघडला.
डावीकडची कामटी खरंच बोटभर आखूड.
माझीच चूक. मास्तरांनी कान पिळला असता.
दोरा सोडला, नवी कामटी बसवली,
फाटलेल्या जिलेटिनला ड्रेसिंगची पट्टी लावली,
ती साठ्यातून वजा दाखवली नाही.
मग टांगला, सलाईनच्या मांडणीला,
इथे काही जनता येत नाही.

मारिव्हिक आली गॉज न्यायला.
वर पाहिलं. म्हणाली, दोन डझन.
सही केली,
जाता जाता झाडाचा लंगडा पाय
खोक्यातून काढून एप्रनच्या खिशात घातला.
मी नोंदवहीत मान खुपसून बसलो होतो.
लिहिलं: कंदील, नग एक, स्थिती दुरुस्त.

गुरुवारी खल्फानच्या खाटेशी वाकून म्हटलं,
चाचा, कोन आता बरोबर आहे.
त्याच्या रक्ताचं चाक फिरत होतं हळूहळू.
त्यानं एक डोळा उघडला,
भिंतीवरच्या चिकटपट्टीच्या डागांकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.

"बघितल्याशिवाय
कसं म्हणू?"