चारचा भोंगा

आग्नेलबाबची एस्टीम, साल अठ्ठ्याण्णव,
भावाने मुंबईहून पाठवलेली, अलार्मसकट.
वेंगुर्ल्यात गाडी कोण चोरणार?
चोर ओळखीचा निघायचा
आणि वाटेत माझ्याच दुकानात हवा बघायला थांबायचा.

"गो बाय, चारांक वराडता ता. रोज.
चोर येवक नाय, पण झोप न्हेल्यान."

बॉनेट उघडलं.
आत कुणा घाईतल्या माणसाचं हस्ताक्षर:
लाल वायर हिरवीला, हिरवी पिवळीला,
वर टेप, टेपवर टेप,
आणि उन्हाने पाझरलेला डिंक
फणसाच्या चिकासारखा बोटं सोडेना.

रिमोटचा सेल बदलला. उगाच.
गिऱ्हाइकाला काहीतरी हललेलं दिसावं लागतं.
मग एकेक फ्यूज उपसत मीटर धरला,
पाचव्याला आकडा धाडकन खाली.
डिकीतला दिवा!
बंद झाकणाखाली जळत होता, किती महिने कोण जाणे,
मासळीच्या रिकाम्या खोक्याला उजेड देत.

तो काढला तरी सेल्फ मारताना
टपाचा दिवा मिटायचा, हॉर्नचा घसा बसायचा.
राहिला अर्थ.

काळी वायर बॉडीला जिथे आवळतात
त्याला आमच्या धंद्यात अर्थ म्हणतात.
सावंतवाडीच्या शफीमामूंकडे तीन वर्षं काढली,
पहिल्याच दिवशी ते म्हणाले,
दिवा लागत नसेल तर दिव्याकडे बघू नको, अर्थ बघ.
शाळेत कवितेखाली हाच प्रश्न यायचा
आणि माझं पेन थांबायचं.
इथे दहाचा पाना पुरतो.

बोल्ट हातात आला तो निम्मा भुगा होऊन.
खाऱ्या वाऱ्याने तांब्यावर मोरचूद पिकवलेला.
पॉलिश पेपरने घासत राहिले
पत्रा पांढरा हसेपर्यंत.
नवा बोल्ट, वर ग्रीसचा लेप.
हॉर्न असा वाजला की पलीकडच्या अंगणात
कुणाच्यातरी हातचं सूप पडलं.

आणि पहाटे चारला पुन्हा बोंब.

तेव्हा मीच गेले, साडेतीनला, बॅटरी आणि मीटर घेऊन.
पुढच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन बसले.
समुद्र दिसत नव्हता, नुसता श्वास टाकत होता.
चारला पाच कमी असताना चोर आला.
पावलांचा आवाज नाही.
बॉनेटच्या कडेवरून सरकत,
थांबत, पुन्हा सरकत
दवाचा एक थेंब
खालच्या पिनस्विचवर उतरला. त्याची रबरी टोपी
कधीच कुजून गेलेली.
स्विचने अलार्मला कळवलं: कुणीतरी झाकण उघडलं.
त्याच्या परीने तो खरंच बोलत होता.

भंगारातल्या झेनचा स्विच बसवला,
ट्यूब कापून टोपी केली.
दुसऱ्या पहाटे चार वाजले आणि गेले.

तिसऱ्या दिवशी दुकानासमोर रापणीची माणसं,
पुढे दाजी गिरप, लुंगी गुडघ्यावर:
"तिया बंद केलंस ता?
आमी त्याच्यारच उठतंव गो.
दोन दिवस उशीर. नवाबागवाल्यांनी तारली नेली."

म्हटलं, घड्याळ घ्या दीडशे रुपयांचं.
"घड्याळाक गाळी कशे घालतलंव?
आग्नेलाक चार घातलो की आंग गरम होता,
मगे पाण्यात उतरूक बरां."

आग्नेलबाब माझ्याच बाकावर बसलेला.
बराच वेळ त्याने चपलेचा अंगठा बघितला.
मग म्हणाला, एक बटण बसव. हाताचं.

आता तो पावणेचारला उठतो,
बनियनवर मफलर गुंडाळून गाडीत बसतो,
चार वाजले की बटण दाबतो
आणि काचा बंद करून शिव्या ऐकतो.

बिलावर काय लिहावं सुचेना.
लिहिलं: अर्थ दुरुस्त. पिनस्विच जुना. बटण एक.
पैसे अजून यायचेत.
तारली आली, केळीच्या पानात, वीसेक.