पांढरी पार्श्वभूमी

नारायण पेठेत बत्तीस वर्षं मी
माणसांना पांढऱ्या पडद्यापुढे बसवतो.
हनुवटी खाली. कान दिसू द्या. हसू नका.
दोन मिनिटांत माणूस साडेतीन बाय साडेचारचा होतो
आणि आठच्या आठ प्रती सारख्या निघतात.

रविवारी दुकान बंद, म्हणून वेताळ टेकडी.
गळ्यात तोच कॅमेरा.
खाणीच्या अलीकडे, पावसाळा सरलेला,
गवत अजून कमरेइतकं,
घाणेरीच्या फांदीवरचं एक पान
माझ्याकडे बघत होतं.

एका डोळ्याने.
दुसरा डोळा मागे, आभाळात,
घारीचा हिशेब ठेवत होता.

"इकडे बघा," मी म्हणालो. सवय.

घोयरा. शेपटीची चकली, डोक्यावर टोपीची घडी.
पाऊल उचललं, हवेतच ठेवलं, मागेपुढे झुलवलं,
पेन्शनच्या फॉर्मवर टेकण्याआधी हात झुलतो तसं,
मग बोटांचा चिमटा करून
फांदीला लावला.

पहिल्या फोटोत तो चिंचेच्या कोवळ्या पाल्याचा.
मी अर्धं पाऊल पुढे सरकलो
तर अंगावर पिवळे पट्टे, घसा फुगलेला,
आणि निळसर गोल ठिपके,
कुणी आतून शाईचं बोट टेकवल्यासारखे.

सरड्यासारखा रंग बदलतो, असं आपण म्हणतो
ते लबाड माणसाला.
इथे त्या निळ्याला लपायला
आख्ख्या टेकडीवर जागा नव्हती.
राग होता तो. सरळ कातडीवर लिहिलेला.
इतका खरा चेहरा माझ्या स्टुलावर
अजून बसलेला नाही.

रोजचे फिरणारे घाटपांडे थांबले,
मनगटावरची पावलं थांबवली, म्हणाले,
"सरडाच ना? धाव कुंपणापर्यंत."
आणि रोज वळतात तिथूनच वळले,
वनखात्याच्या कुंपणाला हात लावून.

मग मोळी घेऊन द्वारकाबाई आल्या.
"अवो, तो न्हाई, ती हाय. प्वाट बघा की.
अंडी घालाया उतरतीया,
आन् तुमी वाटंत हुबं."

चाळीस फोटोंत मी ज्याला तो म्हणत होतो
त्याच्या एकेका क्रियापदाचं शेपूट
मला सोडवून परत गुंडाळावं लागलं.
थांबला नव्हता, अडली होती.
चिडला नव्हता, चिडली होती,
आणि बरोबर होतं तिचं.

मी मागे झालो. बराच मागे.
ती खाली आली, अर्धा तास लावून.
मातीला लागताच आधी निळा गेला, मग पिवळा,
मुरमाच्या रंगाची होऊन
ती पुढच्या पायांनी उकरू लागली.
हा फोटो मी काढला नाही.
कॅमेऱ्याला टोपण लावलं
तेवढा टक आवाजही मला मोठा वाटला.

"पुढल्या पावसाला निघतील," द्वारकाबाई म्हणाल्या,
मोळीला हात लावायला सांगितला,
डोक्यावर घेतली नि गेल्या.

काउंटरच्या काचेखाली आता ती आहे,
साडेतीन बाय साडेचार,
पार्श्वभूमी नियमात न बसणारी.
एक डोळा गिऱ्हाइकावर, दुसरा रस्त्यावर.
कुणी विचारतं, हे कोण?

गिऱ्हाईकच, म्हणतो.
फोटो न्यायला आली नाही अजून.