झिपरा डोंगर, उंची १४६२ फूट

किनवटच्या कचेरीत पंख्याखाली
जुना नकाशा उलगडला की घड्यांतून
आधी कसर पडते, मग मुलूख.

कापडावर डकवलेला कागद.
निळ्या शाईत नाले, तांबड्यात वाटा,
डोंगर सुरवंटासारखे केसाळ.
पैनगंगेच्या अलीकडं बोटभर जागेत
काहीच काढलेलं नाही.
तिथं मुंगीएवढ्या अक्षरांत : झाडी. वस्ती नाही.

त्या बोटभर जागेतून
जैतुबाई आत्राम आली आहे.
तीन कोस पायी, मग टमटमनं.
वनहक्काचा अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवी लुगड्याच्या ओच्यात.

पुरावा लागेल बाई, मी म्हणतो.
तुम्ही तिथं होतात, याचा.

ती नकाशावर वाकते. मी वाचून दाखवतो :
हा झिपरा डोंगर.
उंची एक हजार चारशे बासष्ट फूट.
एका अहवालात खुलासाही आहे,
'दाट झाडीमुळे हे नाव पडले असावे.'

ती हसायला लागते.
पदर तोंडाला, खांदे गदगदा.
रांगेतली दोघं-तिघं वळून बघतात.
"झिपऱ्या? तो तं आमचा कुत्रा, साहेब."

मग सांगते.
तिच्या आज्याचा आजा, लेतू,
गोऱ्या साहेबाच्या साखळीचं टोक धरून चालायचा.
शंभर फूट, खुंटी. शंभर फूट, खुंटी.
दुसऱ्या टोकाचा मद्रासी माणूस हिवतापानं गेला
तेव्हा ते टोक लेतूच्या भावाला दिलं.
साखळी थांबली नाही.

माथ्यावर मोहाची नऊ झाडं होती.
दुर्बिणीला पलीकडचा डोंगर दिसेना,
म्हणून नऊही पाडली.
त्यांच्या बुडाशी कोण बसलेलं होतं
हे कुणी विचारलं नाही.
विचारलं ते फक्त नाव.
साहेबानं दुभाष्याला, त्यानं दुसऱ्या दुभाष्याला,
त्यानं लेतूला.

परक्यापुढं डोंगराचं नाव काढायचं नसतं.
काढलं तर डोंगर उठून त्याच्या मागं जातो.
लेतू गप्प. साहेब घामाघूम, टाक हातात.
पायाशी कुत्रा,
शेपटीनं कोवळ्या बुंध्यांचा भुसा झाडत.

साहेबानं लिहून घेतलं.
एकदा खोडून, नीट लिहिलं.

नाव राखलं, पण डोंगर गेलाच.
नकाशाच्या मागोमाग राखा आला,
राख्याच्या मागोमाग सागाच्या ओळी, नंबर घातलेल्या.
डाहीची जमीन राखीव झाली.
कुऱ्हाड दिसली, दंड.
मोह वेचला, दंड.
पोड तीनदा उठवला
आणि तिन्ही वेळा कागदावर कुणीच उठलं नाही,
कारण कागदावर कुणी बसलेलंच नव्हतं.

मी गेलोय त्या माथ्यावर, मोजणीचं यंत्र घेऊन.
एक दगड आहे. त्यात कोरलेलं वर्तुळ, मधे टिंब.
वर्तुळ अर्धं पुसलंय.
ऊनपावसानं असेल, असं मी तेव्हा वहीत लिहिलं होतं.
जैतुबाई म्हणते, नाही,
आम्ही त्याच्यावर विळे घासतो. चांगला दगड आहे.

मी पेन उघडतो.
खरं नाव सांगा बाई, अर्जात घालतो.
काम होईल.

ती माझ्या पेनाकडं बघते.
टेबलावरच्या पोलादी फितीकडं बघते,
गुंडाळलेली, नागासारखी.
खिडकीतून तो डोंगर दिसत नाही, तरी तिकडं बघते.
बराच वेळ पंखाच तेवढा बोलतो.

"कुत्र्याचंच राहू द्या," ती म्हणते.
"इमानी होता."

रकाना सात, पुराव्याचा तपशील.
मी शासकीय भाषेत लिहितो :
सदर नकाशात अर्जदाराच्या कुत्र्याची नोंद आढळते.
त्या अर्थी तेथे माणसे असावीत.

वरचे साहेब हे खोडतील.
मी जरा दाबूनच लिहितो.