एक हात खिशात

ठोसरांनी आधी झाकण उघडून दाखवलं, मग चहा विचारला.
सतरा किलोचा सेट. सिडकोत, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाले त्या साली घेतलेला,
तेव्हाही जुनाच.
निलोफर माझ्याकडे बघते:
मॅडम, घेऊ का?

टेलिफोन एक्स्चेंजात अठ्ठावीस वर्षं काढली,
म्हणून लोकांना वाटतं मला आवाजातलं कळतं.
मला कळतात सांधे.
कुठे डाग सुटलाय, कुठे कोरडा बसलाय, एवढंच.

बटण दाबलं. उजेडाआधी वास आला,
तापत्या धुळीचा, जुन्या वार्निशचा.
मग डायलमागे दिवा, पिवळा, अर्धवट जागा.
व्हॉल्व्हना घाई चालत नाही.
खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर काळा पडेपर्यंत
आम्ही तिघं गप्प बसलो.

दोष मी मोजत गेले, ठोसरांनी भर घातली.
बँडचा खटका तिसऱ्या घरात अडतो.
एकवीस मेगाहर्ट्झवर ठार बहिरा.
शेवटची जोडी दमलेली, तशी आता मिळत नाही,
शंभर वॅटचा गडी चाळीसवर आलाय.
"नव्या परवान्याला पन्नासच्या वर मुभा नाहीच,"
ठोसर म्हणाले,
"म्हणजे वयानं कायद्यात बसला तो."

आणि सरकतो. पहिला अर्धा तास
एका जागी बूड टेकत नाही.
चाळीस मीटरवर कोइमतूरचे कुणी गृहस्थ
गुडघ्याच्या ऑपरेशनची हकीकत सांगत होते.
सळई घातली इथपर्यंत माणूस होता,
टाके काढेपर्यंत बदक झालं.
निलोफरनं विचारलं नाही कुणाला,
दोन बोटांनी चाक धरलं,
केसभर मागे, केसभर मागे,
फिजिओथेरपी संपेपर्यंत
तिनं त्यांना माणसात ठेवलं.

(शेजारच्या गॅलरीतली दिव्यांची माळ
सगळ्यावरून करवतीसारखी फिरत होती.
त्यात सेटचा दोष नाही.)

मग ठोसरांनी पोटातला पत्रा दाखवला.
"इथं आठशे व्होल्ट. बंद केल्यावरसुद्धा राहतात.
राग राहतो ना माणसात, तसे.
आत हात घालताना दुसरा हात खिशात.
नेहमी. झोपेतसुद्धा."
निलोफरनं कुडता चाचपला.
खिसा नव्हता.
तिनं डावा हात पाठीमागे नेला,
शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

ट्यून करायला दहा सेकंद, जास्त नाही, नाहीतर जोडी जळेल.
ती मोठ्यानं मोजत होती, सुई खाली बुडेपर्यंत.
सहालाच बुडाली.
ठोसरांनी माईक पुढे केला.
सीक्यू, सीक्यू, मग स्वतःचं नवंकोरं नाव,
व्हीयू थ्री आणि पुढची तीन अक्षरं,
तिसरं अक्षर घशात अडकलं.
पुन्हा. पुन्हा.
कुणी उत्तर दिलं नाही.
गच्चीवर दोन टाक्यांच्या मधे
वीस मीटर तार थंडीत ताणलेली होती,
तिनं तिचं काम केलं असणार.

जिन्यात मी सांगितलं ते खरंच होतं.
पहिला सेट तो, जो उघडावा लागत नाही.
आकडा सरळ दाखवतो, जागचा हलत नाही,
बिघडला तर दुकान असतं.
यात निम्मा वेळ दुरुस्तीत जाईल, पोरी,
बोलायचं राहून जाईल.
ती हो म्हणाली. प्रत्येक पायरीवर हो म्हणाली.

अकरा हजार सांगितले होते. नऊला दिला.
स्कूटरच्या पायाशी, गोधडीत गुंडाळून,
आणि लेखानगरच्या सिग्नलला हवालदारानं विचारलं,
ओव्हन का?

आठवड्यानं फोन, भगूरहून.
मागे शिलाईयंत्र धावत होतं.
"मॅडम, ते कंडेन्सर कुठले बदला म्हणालात?
आणि अब्बांनी सगळ्या कुडत्यांना खिसा लावलाय.
डावीकडे. खोल."