आतलं कुलूप

तळहाताएवढी पेटी. वर दहा आकडे,
एक तांबडा दिवा, एक हिरवा.
तवनाप्पा शेठच्या नातीनं, स्मितलनं, बेळगावहून आणली
आणि माझ्या डेस्कावर ठेवली.
"दिवाणजी, कुलूप कम्प्युटरला नाही, हिच्या पोटातच आहे.
अक्षर आत जातं ते मोडूनच जातं,
आकडा बरोबर पडला तरच बाहेर जुळून येतं.
ओळीनं दहा वेळा चुकलात,
तर ही आपली किल्ली आपणच गिळते."
मी म्हटलं, वजनाला हलकी आहे.

गुपित निपाणीला नवं नाही.
माझे वडील तंबाखूच्या अड्ड्यात रुमालाखाली बोटं दाबायचे,
अख्खी थप्पी विकली जायची
आणि शेजारी उभा असलेला माणूस नुसता शिंकायचा.
घेणारा कानडी, देणारा मराठी,
आकडे मात्र तिसऱ्याच बोलीतले:
केवळी, आवारू, उधानू, पोकू.
त्या बोलीसाठी कुणी कधी पाटी रंगवली नाही,
कुणी काळं फासलं नाही.
पेटीचा आकडा मी तिच्यातच पाठ केलाय.
पुढचं विचारू नका.

शेठना वाटतं, पेटीत मिश्रणाचं गणित आहे,
कुठल्या मळ्याची पत्ती किती, कुठली किती.
आहे तेही. जीएसटी आहे, गुजरातच्या पार्ट्या आहेत.
पण शेवटच्या रकान्यात बायका आहेत.
हुसेनबी, वीस. रत्नाबाई भोई, तीस.
शनिवारी पगारातनं काढून ठेवलेले,
घरी न सांगितलेले.

पूर्वी लाल चोपडी होती.
एकदा मी ती उघडी टाकून चहाला गेलो.
बाळव्वाचा नवरा तिचा पगार विचारायला आला होता,
उभ्या उभ्या त्यानं पान वाचलं.
वाचता येत होतं त्याला.
रात्रीच्या शाळेत बोट धरून
मीच गिरवून घेतलं होतं त्याच्याकडून.
दोन हजार तीनशे चाळीस.
शेठनी देऊन टाकले. नवराच तो, काय म्हणणार.

सोमवारी बाळव्वा आली. एक डोळा मिटलेला.
सूप मांडीवर घेतलं, पानं कातरली,
दिवसाला हजार वळायची, त्या दिवशीही हजारच वळल्या.
एका विडीचा दोरा सैल नाही.
जाताना माझ्यासमोर थांबली.
मला वाटलं, आता बोलेल.
तिनं डेस्कावरची चोपडी मिटली
आणि गेली.

गेल्या महिन्यात तवंदीच्या घाटाखाली, हॉटेलसमोर,
शेठच्या गाडीची काच फुटली. बॅग गेली, बॅगेत पेटी.
शेठ लहान मुलासारखे रडकुंडीला आले.
स्मितल म्हणाली, दुसरी प्रत बँकेच्या लॉकरात आहे, आजोबा,
आणि ती घेऊन चोर तरी काय करणार?
मी मनातल्या मनात चोराबरोबर बसलो.
एक दोन तीन चार दाबून बघत असेल. मग स्वतःची जन्मतारीख.
मग देवाचं नाव घेऊन काहीतरी.
तांबडा. तांबडा. तांबडा.
वाचता येतच असेल त्याला. कुणीतरी शिकवलं असेलच.
दहाव्यानंतर हातात उरला असेल
पेपरावर ठेवायला एक बरा दगड.
त्या रात्री मला झोप लागली,
हे मी शेठना सांगितलं नाही.

आता नवी पेटी आहे, तशीच.
शनिवारी बायका रांगेत येतात,
तंबाखूची धूळ पदरानं झटकत.
हुसेनबी वाकून हळूच विचारते, "लिवलं?"
"लिवलं."
बाळव्वानं पुन्हा कधी पैसे ठेवले नाहीत.
तिची सून ठेवते. पन्नास.

आकडा दाबताना मी पेटीवर रुमाल टाकतो.
स्मितल हसते, दिवाणजी, इथं आहे कोण बघायला?
मी तिला हसू देतो.
रुमालाखाली बोटं वडलांसारखी चालतात,
कापडातून हिरवा उजेड दिसेपर्यंत.