चालू

पिकअपची पासिंग संपायला आली तेव्हा
एजंट म्हणाला, अजून पाच वर्षं काढेल.
मैनोद्दीन मिस्त्री म्हणाला,
येमूल, हिचं इंजिन माझ्या जावयापेक्षा भरवशाचं आहे बे, विकू नको.
होटगी रोडच्या शोरूममधला इरेश बिराजदार
तिच्याभोवती एकच चक्कर मारून, मोबाईलवर टिपत म्हणाला,
काका, एक लाख दहा.
ओरखड्याचे आठ हजार कापून.

तो ओरखडा चाटी गल्लीत मागं घेताना लागलेला,
गाडी आणल्याच्या चौथ्या दिवशी.
मी त्या रात्री जेवलो नव्हतो.
हे इरेशला सांगून काय उपयोग,
तो तेव्हा दुसरीत असेल.

अक्कलकोट रोडवरून टॉवेलच्या गाठी आणायचो,
इतक्या, की मागचा आरसा नुसता नावाला.
पाणी पाच दिवसांनी यायचं त्या उन्हाळ्यात
अख्ख्या गल्लीचे ड्रम हिच्यात,
आणि वर बसलेली चार पोरं, भिजायच्या आशेनं.

आता माग नाहीत. आठही किलोवर गेले.
वजन करणाऱ्यानं धोटेसुद्धा मोजून घेतले.
तेव्हापासून हौद्यात
फक्त एक स्टूल असतं, लाकडी, तीन पायांचं
(चौथा होता).
राजेश्वरीचे गुडघे गेल्यापासून
ती त्यावर पाय देऊन चढते,
मी खाली उतरून स्टूल उचलतो, मागं टाकतो,
उतरताना पुन्हा तेच.
दवाखाना, बँक, लेकीचं घर.
स्टूल टाकल्याचा तो ठक् आवाज
मला बऱ्यापैकी ऐकू येतो.

कारण डावा कान मागांनी नेला.
गाडी मी तळहातानं ऐकतो.
स्टिअरिंग थरथरतं तोवर सगळं ठीक,
थरथर बदलली की मैनोद्दीनकडे.

इरेशनं हायब्रिड दाखवली. पांढरी.
लिटरला चोवीस म्हणाला, बॅटरीला आठ वर्षं हमी.
मी मनात एकोणसाठात आठ मिळवले
आणि पुढचं नीट ऐकलं नाही.

राजेश्वरीनं दार उघडलं, पाय बाहेरच ठेवून
पावलानं चाचपलं, स्टूल कुठं आहे.
नव्हतं. लागलंही नाही.
ती नुसती बसली,
घरच्या पाटावर बसावी तशी,
आणि माझ्याकडे न बघता पदर सारखा केला.

विजापूर नाक्याच्या सिग्नलला
गाडी गप्प झाली.
तळहाताखाली काहीच नाही.
आमच्याकडे असं गप्प होणं म्हणजे
वीज गेली, नाहीतर संप,
नाहीतर कोणीतरी गेलं,
आणि बायका हातातलं तसंच टाकून दारात येतात.
माझा हात आपोआप किल्लीकडे गेला.
किल्ली नव्हती, बटण होतं.

काका, ती अशीच असते, मागून इरेश म्हणाला.
बंद नाही पडली.

हिरवा लागला. पाय टेकला तशी निघाली,
कोणी मागून हळूच ढकलावं तशी.
मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, तेवढं बरं वाटलं.

आमच्या घरात भांडण कुठल्याही भाषेत होतं.
हिशोब मराठीत, स्वयंपाक तेलुगूत,
देवाला दोन्ही चालतात.
एक शब्द मात्र लहानपणी श्रावणीला फसवायचा:
आजी वाढताना ती म्हणायची चालु, म्हणजे पुरे,
आणि मी पंख्याकडे बघून म्हणायचो, चालू आहे की.
मग ताटात अजून एक भाकरी.

शोरूमच्या दारात गाडी लावली.
उन्हात आमची पिकअप उभी होती,
आत स्टूल, कलंडलेलं.
इरेश कागद आणायला पळाला.
मी तळहात स्टिअरिंगवर ठेवून विचारलं,
गाडी चालू आहे का गं अजून?

राजेश्वरी काचेतून पिकअपकडे बघत होती.
चालु, म्हणाली.